गाइड मिट आणि आधी कविता मोठ्यानं वाच

प्रश्न बारावी कला शाखेतल्या एका मुलीचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता तालुक्याच्या गावातलं ज्युनिअर कॉलेज. इंग्रजी कविता-कथा आवडतात आणि पुढे बीएला इंग्रजी साहित्य घ्यायचंय. पण ती म्हणते, "पुस्तक उघडलं की काही उमगत नाही, गाइड वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पेपरात पाठ केलेलंच उतरतं. मार्क न घालवता साहित्य खरंखुरं कसं शिकू? घरचे विचारतात, इंग्रजी घेऊन करणार काय? आणि डिक्शनरी कुठली घेऊ?"

मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. त्यातली बहुतेक वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसोबतच गेली, त्यामुळे तुझा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे.

तुझी अडचण इंग्रजीची आहे असं मला वाटत नाही. गाइडमधलं इंग्रजी पुष्कळदा मूळ कवितेहून अवघड असतं, आणि ते तर तू वाचून समजून घेतेस. तुझा क्रम उलटा झालाय. आधी सारांश, मग शब्दार्थ, मग थीम, आणि वेळ उरलाच तर कविता. रहस्यकथेचं शेवटचं पान वाचून मग पहिलं उघडावं, तसं हे होतं. डोळ्यांना शोधायला काही उरतच नाही.

तुझ्याच इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातली, युवकभारतीतली, दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' घे. चोवीस ओळींची कविता. उतारवयाकडे झुकलेला बाप पावसाळ्यातल्या रात्री उशिराच्या लोकलनं घरी येतो, पाणचट चहा पितो, शिळी चपाती खातो, वाचतो, झोपतो. घडतं एवढंच. गाइडमध्ये याखाली लिहिलेलं असतं: शहरी जीवनातला एकाकीपणा आणि परकेपणा. ते चूक नाही. पण हे वाक्य कविता न वाचताही लिहिता येतं, आणि म्हणूनच ते तुझ्या मनात टिकत नाही.

आता नुसतं बघायला लाग. पहिल्या बारा ओळी बाहेरच्या आहेत. डब्यातला पिवळा उजेड, गप्प उभे प्रवासी, ओलेकिच्च शर्ट-पँट, चिखलानं माखलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली बॅग, फलाट, रूळ, गल्ली. बाप घाईनं चाललाय. घर गाठायचंय त्याला. इथे कडवं संपतं, मधे कोरी जागा येते आणि पुढचं कडवं थेट घरात सुरू होतं. आपल्याला वाटतं, आता कुणीतरी टॉवेल पुढे करेल, 'फार भिजलात का?' असं विचारेल. कुणीच विचारत नाही. अख्ख्या कवितेत एकही माणूस बोलत नाही. घरात आवाज आहे तो नळाच्या पाण्याचा आणि रेडिओच्या खरखरीचा.

आणखी जवळ जा. कविता 'माय फादर' या शब्दांनी सुरू होते, म्हणजे सांगणारं माणूस त्या बापाचं मूलच आहे. पण मुलं बापाला आपल्या गमती, आपली गुपितं सांगत नाहीत, ही गोष्ट येते तेव्हा तो 'आम्ही' म्हणत नाही, 'त्याची मुलं' म्हणतो. ही कविता मी कितीतरी वेळा वाचली होती, तरी हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. ते दाखवलं वर्गातल्या एका मुलीनं. तिचे वडील पुण्याला कामाला होते आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. ती म्हणाली, "मॅडम, मग ह्यो स्वतः कुठंय त्या पोरांत?" तास संपेपर्यंत आम्ही त्या एका प्रश्नावरच बोलत राहिलो. शेवटी बाप झोपतो आणि स्वप्नात पूर्वज पाहतो, नातवंडं पाहतो. मागच्या पिढ्या आल्या, पुढची आली. मधली पिढी, त्याची मुलं, त्या स्वप्नात नाहीत. हे कुठल्याही गाइडशिवाय तुला दिसू शकतं, कारण त्याला लागतात फक्त डोळे आणि थोडा वेळ.

या कवितेतली उपमा परीक्षेत हमखास विचारतात. गाडीतून उतरणारा बाप म्हणजे लांबलचक वाक्यातून गळलेला एक शब्द. मुलं लिहितात, 'इथे सिमिली आहे, कारण लाइक हा शब्द वापरलाय.' पुढे काहीच नाही. तू स्वतःला विचार: शब्दच का? झाडावरून गळलेलं पान का नाही? गाडीचे डबे वाक्यातल्या शब्दांसारखे एकामागे एक जोडलेले असतात, हे एक. दुसरं, त्याच्या बॅगेत पुस्तकं आहेत, घरी आल्यावरही तो वाचतोच, म्हणजे हा माणूस शब्दांतच वावरणारा आहे. तिसरं, शब्द गळला तरी वाक्य पुढे निघून जातं, आणि गाडीही गेली. यातला एक मुद्दा जरी तुझ्या साध्या इंग्रजीत दोन वाक्यांत लिहिलास, तरी तपासणाऱ्याला कळतं की हिनं कविता वाचलीय.

मराठी माध्यमाच्या मुलांना या कवितेतली आणखी एक गोष्ट मी मुद्दाम दाखवते. इंग्रजी ओळींमध्ये 'चप्पल' आणि 'चपाती' हे शब्द जसेच्या तसे बसलेत. चित्रे मराठीतही कविता लिहायचे आणि इंग्रजीतही, तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. १९९४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मराठी कवितेसाठी आणि त्याच वर्षी अनुवादासाठीही. म्हणजे तुझं मराठी हे इंग्रजी साहित्याच्या वाटेतली धोंड नाही, ते तुझं भांडवल आहे. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, भालचंद्र नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक. यांपैकी कुणालाही इंग्रजी वाचण्यासाठी मराठी बाजूला ठेवावं लागलं नाही.

आता कान. रॉबर्ट सदी या इंग्रज कवीची 'इंचकेप रॉक' मोठ्यानं वाच. मनात वाचून चालणार नाही. पहिल्या दोन ओळी अशा आहेत: 'नो स्टर इन द एअर, नो स्टर इन द सी, द शिप वॉज स्टिल अ‍ॅज शी कुड बी.' हळू वाच. 'नो स्टर' दोनदा येतं आणि प्रत्येक वेळी तू आपोआप थांबतेस. स-चा आवाज सगळीकडे हलका पसरलाय. वारा पडलाय, समुद्र निजलाय, हे ओळ नुसतं सांगत नाही, वाचताना तुझा श्वासही तिथेच मंदावतो. मग खाली ये, जिथे धुकं दाटतं आणि रॅल्फ द रोव्हर या समुद्री चाच्याला आपलं जहाज कुठे आहे तेच कळत नाही, आणि तिथली लय ऐक. जहाजांना सावध करणारी खडकावरची घंटा त्यानंच तोडलेली आहे. आता तिचा आवाज यावा म्हणून जहाजावरची माणसं जिवाचा कान करून ऐकतायत, आणि घंटा नाही. पहिल्या कडव्यातली शांतता आणि ही शांतता एकच नाही, हा फरक ऐकू आला की कवितेचं निम्मं काम झालं. हा खडक खरा आहे बरं का. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर आहे, आणि कवितेनंतर काही वर्षांनी, १८११ साली, तिथे बांधलेल्या दीपस्तंभाचा दिवा लागला. तो आजही उभा आहे. मुलांना मी त्याचा फोटो दाखवते. भरतीच्या वेळी खडक पाण्याखाली जातो आणि समुद्रातूनच मनोरा उगवल्यासारखा दिसतो.

रसग्रहणाचा प्रश्न, ज्याला सगळे 'अप्रिसिएशन' म्हणतात, चार मार्कांचा असतो. कवीबद्दल आणि शीर्षकाबद्दल थोडं, मध्यवर्ती विषय, भाषा आणि अलंकार, मग संदेश किंवा तुझं मत, अशी त्याची मांडणी ठरलेली आहे. ती पाळ, त्यात कमीपणा काही नाही. पण अलंकारांची यादी करून थांबू नकोस. 'अनुप्रास आहे' या सहा अक्षरी निकालापेक्षा 'स-च्या आवाजामुळे समुद्र शांत वाटतो' हे एक वाक्य जास्त वजनदार आहे. पाच अलंकार नुसते मोजून दाखवण्यापेक्षा एकच नीट उलगड.

शब्दांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मराठी माध्यमाची मुलं विनाकारण हरतात. सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'मध्ये विणकर सकाळी तान्ह्या बाळासाठी निळं वस्त्र विणतात. ते निळं कसं? 'हॅल्सियन'च्या पंखासारखं. पुष्कळ नोट्समध्ये याच्यापुढे 'एक प्रकारचा पक्षी' एवढं लिहून विषय संपवलेला असतो. हॅल्सियन म्हणजे आपला खंड्या. विहिरीवरच्या तारेवर बसणारा, पाण्यात सूर मारणारा. एकदा हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या अर्ध्या मुलांनी मान वर केली, कारण तो निळा त्यांनी शेतावर पाहिलेला होता. शहरातल्या मुलांना मला तो चित्रात दाखवावा लागतो. मग पुढचं कडवं बघ. संध्याकाळी विणतात ते राणीच्या लग्नाच्या ओढणीसाठी, मोराच्या पिसांसारखं जांभळं-हिरवं. तिसऱ्यात थंडगार चांदण्यात विणतात ते प्रेताचं वस्त्र, पिसासारखं, ढगासारखं पांढरं. रंग उडत उडत पांढऱ्यावर येतो. आणि पक्षीही बघ: खंड्या, मोर, आणि शेवटी नुसतं एक पीस, कुणाचं ते माहीत नाही. डिक्शनरीत अर्थ पाहिलास की तिथे न थांबता विचार कर, ही गोष्ट मी कुठे पाहिलीय, आमच्याकडे हिला काय म्हणतात. शब्दासमोर मराठी शब्द लिहिताना लाजू नकोस.

गद्याकडे वळते. आर. के. नारायण यांची 'अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे' वाचताना सगळ्यांचं लक्ष शेवटच्या धक्क्यावर असतं. दुसऱ्यांदा वाच आणि फक्त उजेडाच्या मागे लाग. ज्योतिषाकडे स्वतःचा दिवा नाही, शेजारच्या शेंगदाणेवाल्याच्या उजेडावर त्याचा धंदा चालतो. रात्री तो उजेड जातो. अंधारात गिऱ्हाईक चिरूट पेटवतं आणि त्या काडीच्या उजेडात ज्योतिषाला त्याचा चेहरा दिसतो. तिथून पुढे त्याची गाळण उडते. कथेत काय, कुणाला आणि किती दिसावं हे लेखकानं किती मोजून दिलंय, ते दुसऱ्या वाचनात उमजतं. म्हणून माझा आग्रह आहे की धडा दोनदा वाचायचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा ती गोष्ट कशी रचलीय यासाठी.

कादंबरीच्या भागात तुम्हाला 'टु सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि 'द साइन ऑफ फोर' यांचे उतारे आहेत. परीक्षेला उतारे पुरतात. पण बीएला इंग्रजी घ्यायचं असेल तर यातली एक तरी कादंबरी या वर्षात पूर्ण वाच. आर्थर कॉनन डॉइलची, शेरलॉक होम्सची 'द साइन ऑफ फोर' वाच असं मी म्हणेन. लहान आहे, गोष्ट ओढून नेते आणि स्वामित्वहक्क संपलेला असल्यानं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पहिली पन्नास पानं जड जातील. रोज दहा पानं, डिक्शनरी न उघडता, न कळलेलं तसंच सोडून पुढे जा. पन्नास पानांनंतर लेखकाचे शब्द परत परत भेटू लागतात आणि वेग आपोआप वाढतो. हे मी इतक्या मुलांमध्ये पाहिलंय की खात्रीनं सांगते.

आणि वाचताना प्रश्नही विचार. ती कादंबरी १८९० साली आली. त्याच वर्षी हरि नारायण आपट्यांचं 'करमणूक' साप्ताहिक सुरू झालं आणि त्यात त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी छापली जाऊ लागली. म्हणजे लंडनमधली माणसं आग्र्याच्या खजिन्याची आणि १८५७ च्या धामधुमीची गोष्ट वाचत होती, तेव्हा इकडे पुण्यात लोक एका मध्यमवर्गीय घरातल्या यमूचं दुःख वाचत होते. दोन्हींत हिंदुस्थान आहे. एकीत तो दूरचा, गूढ, खजिन्याचा, दुसरीत माजघरातला. डॉइलनं टोंगा या अंदमानातल्या आदिवासी पात्राचं वर्णन रानटी, भेसूर असं केलंय. ते वाचताना तुला अस्वस्थ वाटलं तर ते दाबू नकोस, वहीत लिही. लेखकाच्या कसबावर खूश व्हायचं आणि त्याची नजर कुठे आंधळी आहे हेही बघायचं, ही दोन्ही कामं एकाच वाचनात करता येतात. ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्येही मुंबई येते. नायकाचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. मूळ कादंबरी फ्रेंच आहे, म्हणजे तुम्ही वाचता तो अनुवाद, हेही लक्षात असू दे.

या भागातली उत्तरं साधारण पन्नास शब्दांत लिहायची असतात. पन्नास शब्द म्हणजे चार-पाच वाक्यं. तिथे 'शेरलॉक होम्स हा महान आणि तीक्ष्ण बुद्धीचा गुप्तहेर आहे' या वाक्यानं जागा अडवू नकोस. त्याऐवजी कथेतली वस्तू आण. 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्सकडे मदत मागायला आलेल्या मेरी मॉर्स्टनला दर वर्षी एक असे सहा मोती आले आहेत, ती डबी उघडून ते होम्ससमोर ठेवते. मग होम्स त्यातून काय काढतो ते एका वाक्यात. विशेषणं कमी, घटना जास्त. आणि वाक्यं लहान. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. तुझं इंग्रजी साधं आहे म्हणून मार्क जात नाहीत, पाठ केलेल्या लांब वाक्याचा शेवट विसरल्यामुळे जातात. दर वर्षी मला अशी अर्धवट तुटलेली वाक्यं दिसतात आणि फार वाईट वाटतं, कारण त्या मुलांनी रात्र रात्र जागून ती पाठ केलेली असतात.

मार्कांचा हिशेब थोडक्यात: लेखी ८०, तोंडी आणि अंतर्गत २०. लेखीत गद्याचा विभाग ३४ चा, कविता १४, लेखनकौशल्य १६, कादंबरी १६. लेखनकौशल्य सरावानं सुटतं, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. व्याकरणाचे काही प्रश्न धड्यातल्या वाक्यांवर येतात, त्यामुळे जो धडा तू मन लावून वाचलास त्याचं व्याकरणही सोपं जातं.

रोजचं काम एवढंच ठेव. एका कवितेला चार दिवस. पहिल्या दिवशी दोनदा मोठ्यानं, डिक्शनरीशिवाय, पेन्सिलनं खुणा. दुसऱ्या दिवशी शब्द. तिसऱ्या दिवशी वहीत अर्धं पान: काय दिसलं, काय ऐकू आलं, काय कळलं नाही. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, मिसळून लिही, कुणी तपासणार नाही. चौथ्या दिवशी गाइड उघड आणि त्याच्याशी ताडून बघ. गाइडमध्ये तुझ्याकडून सुटलेलं काही असेल तर घे. तुझ्या वहीत असलेलं काही गाइडमध्ये नसेल, तर ते खोडू नकोस. तेच पेपरात लिही.

घरच्यांना काय सांगायचं? इंग्रजी घेऊन एमए, बीएड करून मुलं शिक्षक होतात, नेट-सेट देऊन कॉलेजात जातात, अनुवाद करतात, प्रकाशनात, वृत्तपत्रांत, कंपन्यांच्या लेखनाच्या कामात लागतात, स्पर्धा परीक्षाही देतात. यातलं एकही बीएनंतर लगेच हातात पडत नाही, हे त्यांना आणि स्वतःला आधीच सांग. एकदा वडिलांना एखादी कविता मराठीत समजावून सांगून बघ. चित्र्यांचीच सांग. माझ्या एका विद्यार्थ्यानं तसं केलं. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हे इंग्लिशमध्ये लिवलंय?" पुढच्या वर्षी तो बीएला गेला.

डिक्शनरी: एक इंग्रजी-इंग्रजी घे, लर्नर्स प्रकारची, ज्यात प्रत्येक शब्दाचं उदाहरणवाक्य असतं. इंग्रजी-मराठी कुठलीही चालेल, ती फक्त पहिल्या आधाराला. आणि तिसरी विकत घ्यायची गरज नाही: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो उलट्या बाजूनं वापर. चित्र्यांच्या कवितेत बापाच्या चपला चिखलानं चिकट झाल्यात. तुमच्याकडे त्या चिखलाला राडा म्हणतात की रेंदा, गाळ म्हणतात की चिकचिक, ते आजीला विचार, मोल्सवर्थमध्ये त्यातला एकेक शब्द शोध आणि त्यानं दिलेलं इंग्रजी वाच. मग परत कवितेतल्या त्या ओळीवर ये आणि ठरव, त्या गल्लीतला चिखल नेमका यातला कुठला.